समुद्राचा सातबारा

खाडीपलीकडच्या एका बचत गटाने आम्हाला चिठ्ठी पाठवून विचारलं आहे, की थंडीच्या दिवसांत लांब पाण्यात एक पांढरंशुभ्र जहाज दिसतं. ते जाळी टाकत नाही, माल उतरवत नाही, त्यावर मोठ्या तोफाही दिसत नाहीत. दिवसभर नुसतं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातं. ते आहे तरी काय? घरातल्या पुरुषांना विचारलं तर ‘नेव्हीचं आहे’ एवढंच उत्तर मिळतं.

नेव्हीचंच आहे, पण नेव्हीचं म्हणजे काय ते आज आपण बघू. नौदलाची लढाऊ जहाजं करड्या रंगाची असतात. पांढऱ्या अंगाची आणि पिवळसर धुराड्याची जी असतात ती सर्वेक्षणाची जहाजं. लपून राहणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांचं काम मोजणीचं. आपल्याकडे जमिनीची मोजणी करायला मोजणीदार येतो, खुणा करतो, नकाशा होतो, सातबाऱ्यावर नोंद राहते. समुद्राला बांध घालता येत नाही, पण त्याचीही नोंद ठेवावी लागते. कुठे किती पाणी आहे, खाली खडक आहे की चिखल, कुठे बुडालेलं जहाज पडलं आहे, दीपस्तंभ कुठून दिसतो, हे सगळं ज्या कागदावर असतं त्याला सागरी नकाशा म्हणतात. तो नसेल तर मोठं जहाज बंदरात शिरूच शकत नाही. आपल्या घरातला गॅस, डिझेल, खत, पामतेल यातलं बरंचसं जहाजातूनच येतं, म्हणजे ज्या बाईने समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही तिच्याही चुलीशी या नकाशाचा संबंध आहे.

खोली मोजायची जुनी रीत आपल्या कोळीवाड्यांतल्या म्हाताऱ्यांना चांगली माहीत आहे. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जी लांबी होते ती एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. दोरीला वजन बांधायचं, तळाला टेकेपर्यंत सोडायचं आणि वर ओढताना वाव मोजायचे. गवंड्याचा ओळंबा असतो तसंच ते. इंग्रजांची मोजणीची जहाजंही हेच करत होती. त्यांच्या शिशाच्या वजनाला खालून खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. तळाला टेकलं की चरबीला वाळू नाहीतर शिंपल्यांचा चुरा नाहीतर चिखल चिकटून वर यायचा. मग नकाशावर आकड्याशेजारी तळ कशाचा तेही लिहायचे. असा एक एक आकडा दोरी सोडून काढलेला. एवढ्या मोठ्या समुद्रात ती दोरी कितीशा ठिकाणी पडणार? दोन आकड्यांच्या मधे एखादा सुळका राहून गेला तर तो कळायचा एखादं जहाज त्यावर आपटल्यावरच.

आता दोरीच्या जागी आवाज वापरतात. जहाजाच्या पोटाखालून पाण्यात आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो, तेच. या यंत्राला सोनार म्हणतात, आपला दागिने घडवणारा सोनार नव्हे. हवेत आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात मात्र तो सुमारे 1500 मीटर जातो. म्हणजे आवाज जाऊन यायला दोन सेकंद लागले तर खाली दीड किलोमीटर पाणी आहे. पूर्वी जहाजाच्या बरोबर खालची एकच खोली मिळायची. आता एकाच वेळी पुष्कळ आवाज पंख्यासारखे पसरून सोडतात, त्यामुळे झाडूने अंगण झाडावं तसा जहाजाच्या दोन्ही बाजूंचा पट्टाच्या पट्टा मोजून होतो. एक पट्टा झाला की जहाज वळतं आणि त्याला लागून दुसरा पट्टा घेतं. शेतात नांगराची तासं धरतात तसंच. चिठ्ठीतल्या मैत्रिणींना जहाज इकडून तिकडे जाताना दिसलं ते यामुळे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मोठं जहाज शिरत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना लहान मोटारबोटी टांगलेल्या असतात. त्या उतरवून उथळ भाग मोजतात.

यात एक गोम आहे. पाणी काही एका पातळीवर राहत नाही. सकाळी मोजलेली खोली दुपारी खरी नसते. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. मालवणकडे तेवढा पडत नाही, पण पडतोच. म्हणून मोजणी चालू असते तेव्हा किनाऱ्यावर पाण्याची पातळीही सतत मोजली जाते आणि नकाशात जो आकडा छापतात तो अगदी खालच्या ओहोटीचा धरून छापतात. म्हणजे नकाशात तीन मीटर लिहिलं असेल तर तिथे एरवी तीनपेक्षा जास्तच पाणी मिळेल. कमीत कमी किती आहे ते सांगणारा हा हिशोब आम्हाला फार आवडला. घरखर्चाचा अंदाज बायका असाच बांधतात.

भरतीच्या वेळेचा हिशोब तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. गावागणिक थोडा फरक पडतो, पण कालवं काढायला जाणाऱ्या बाईला घड्याळ लागत नाही ते याच्या जोरावर. उधाण आणि भांग हे शब्द ज्या बायकांच्या तोंडी आहेत त्यांना ही विद्या परकी नाही, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे.

आता थोडी गंमत. भारताच्या समुद्राचे हे नकाशे तयार होतात कुठे? डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी! नौदलाचं हे कार्यालय 1954 साली तिकडे गेलं. जहाजं समुद्रावर मोजतात आणि नकाशे डोंगरात तयार होतात. मोजणीचं शिक्षण मात्र गोव्यात मिळतं. तिथली नौदलाची संस्था परदेशातल्या अधिकाऱ्यांनाही शिकवते.

नुसती खोली मोजून भागत नाही हे कळायला जरा वेळ लागला. त्याची गोष्ट एका जहाजाच्या नावापासून सांगतो. जहाजाचं नाव ‘किस्तना’. नाव विचित्र वाटतं ना? ही आपली कृष्णा! महाबळेश्वरला उगम पावून वाई, सातारा, कराड, सांगलीवरून जाणारी कृष्णामाई. इंग्रजांनी कागदोपत्री तिचं ‘किस्तना’ केलं आणि जहाजाला तेच नाव पडलं. ब्रिटनमध्ये बांधलेलं हे युद्धनौकेचं धूड दुसऱ्या महायुद्धात वापरलं गेलं, स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाकडे राहिलं. 1960च्या सुमाराला जगातले शास्त्रज्ञ एकत्र आले आणि म्हणाले, की अटलांटिक महासागराबद्दल बरंच कळलं आहे, हिंदी महासागराबद्दल मात्र फारच थोडं. मग अनेक देशांची मिळून चाळीसहून जास्त जहाजं या महासागरात फिरली. भारताने 1962 ते 1965 या काळात ‘किस्तना’ त्या कामाला दिली. लढाईसाठी बांधलेल्या जहाजावर शास्त्रज्ञ चढले. वेगवेगळ्या खोलीवर बाटल्या सोडून पाणी वर काढायचं, ते किती थंड, किती खारट, त्यात प्राणवायू किती, हे तपासायचं. बारीक जाळ्यांनी पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव गोळा करायचे. हे जीव मासळी खाते, म्हणून तेच मासळीचं शेत.

या खटाटोपातून काय आलं? पहिलं म्हणजे 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. तिचं मुख्य ठिकाण गोव्यात दोनापावलाला आहे. मोहिमेचं भारताकडचं काम ज्यांनी पाहिलं ते डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. दुसरं म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात तळचं थंड पाणी वर येतं, त्याबरोबर खतासारखी द्रव्यं वर येतात आणि त्यावर पोसलेले जीव खायला तारली आणि बांगडा गोळा होतो, अशा गोष्टींचा माग आकड्यांनी लागू लागला. या वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. पावसाळ्याच्या शेवटी ते किनाऱ्याजवळ पसरलं की मासळी तिथून हटते. टोपली घेऊन बसलेल्या बाईला ‘यंदा बांगडा लांब गेला’ एवढं दिसतं. तो का गेला असेल त्याचं एक कारण पाण्याच्या बाटलीत सापडतं.

‘किस्तना’ आता नाही. पण कोचीला ‘सागरध्वनी’ नावाचं जहाज आहे, 1994 सालापासून नौदलात असलेलं, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेसाठी काम करणारं. 2019 साली ते मुद्दाम ‘किस्तना’च्या जुन्या वाटांवर पाठवायला सुरुवात झाली, त्याच ठिकाणी पुन्हा मोजायला. जुन्या वहीतला आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवला की समुद्र किती बदलला ते कळतं. समुद्र तापला की वादळाला जोर येतो आणि पावसाचं वेळापत्रक बिघडतं. म्हणून माणदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या मैत्रिणींनीही हे ऐकावं, नाहीतर ‘हे कोकणातल्या बायकांचं’ म्हणून रेडिओ बंद कराल.

तुम्ही विचाराल, नौदलाला मासळीचं आणि पावसाचं काय पडलंय? फारसं नाही, हे सरळ सांगायला हवं. नौदलाला पाणबुड्या शोधायच्या असतात आणि आपल्या लपवायच्या असतात. पाण्याखाली डोळा चालत नाही, कानच चालतो. आणि आवाज पाण्यात सरळ जात नाही. दुपारी वरचं पाणी तापलं की आवाजाची वाट खाली वाकते आणि सकाळी ऐकू येणारी पाणबुडी दुपारी ऐकू येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला हे लक्षात आलं. म्हणून पाण्याचं तापमान आणि खारटपणा हा नौदलाच्या दृष्टीने दारूगोळ्याइतका महत्त्वाचा विषय आहे. मोजलेलं सगळंच ते बाहेर देत नाहीत. जे मिळतं ते शास्त्रज्ञांना, बंदरांना आणि पुढे आपल्याला उपयोगी पडतं. कोंबडी अंडं आपल्यासाठी देत नाही, तरी आपण ते घेतोच ना.

आता ज्या बाईची गोष्ट सांगायची म्हणून हा विषय आम्ही हाती घेतला ती सांगतो. तिचं नाव मेरी थार्प. 1920 साली अमेरिकेत जन्मली. मुलींना भूगर्भशास्त्राच्या वर्गात घेत नसत, पण महायुद्धात मुलगे लढाईवर गेले आणि वर्ग रिकामे पडले, तेव्हा हिला प्रवेश मिळाला. पुढे तिने गणिताचीही पदवी घेतली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या एका संस्थेत ती कामाला लागली. काम काय, तर जहाजांनी आणलेले खोलीचे आकडे कागदावर मांडायचे. ब्रूस हीझन नावाचा तिचा सहकारी जहाजावर जायचा, आकडे आणायचा. तिला जहाजावर जायला बंदी. बाई जहाजावर आली तर अपशकुन, हे तिकडेही होतं बरं का. आपल्याकडच्याच लोकांच्या डोक्यात असलं असतं असं समजू नका.

तर ही बाई टेबलाशी बसून हजारो आकडे कागदावर टाकत राहिली. अटलांटिक महासागराच्या तळाशी मधोमध एक डोंगररांग आहे हे तोवर माहीत होतं. 1952च्या सुमाराला तिने त्या महासागराचे सहा आडवे छेद काढले आणि तिला दिसलं, की प्रत्येक छेदात डोंगररांगेच्या माथ्यावर एक खोल घळ आहे, एकाच जागी. तिला कळलं की इथे पृथ्वीची पाठ फाटते आहे, दोन्हीकडची जमीन एकमेकींपासून लांब सरकते आहे. तेव्हा जमीन सरकते असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढत. तिने हीझनला दाखवलं. तो म्हणाला, या तर पोरींच्या गप्पा!

ती भांडली नाही, पण तिने कागद गुंडाळूनही ठेवला नाही. शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा नकाशे काढणारा माणूस होता, त्याला ऐकू येत नसे. तो भूकंप कुठे कुठे झाले ते नकाशावर टिंबांनी मांडत होता. दोघांचे नकाशे एकाच मापाचे होते. एकावर एक ठेवून खालून उजेड दाखवला तेव्हा भूकंपांची टिंबं थेट तिच्या घळीतून ओळीने गेलेली दिसली. आता हीझनलाही मानावं लागलं. तरी जग मानेना. झाक कुस्तो हा समुद्रात बुड्या मारणारा प्रसिद्ध फ्रेंच माणूस, त्यालाही हे खोटं वाटत होतं. त्याने जहाजामागे पाण्यात कॅमेरा ओढत नेला आणि 1959 साली शास्त्रज्ञांच्या सभेत चित्रपट दाखवला. घळ होती.

यात नौदल कुठे आलं? अमेरिकेच्या नौदलाने खोलीचे नेमके आकडे असलेले नकाशे छापायला मनाई केली होती, शत्रूच्या पाणबुड्यांना उपयोग होईल म्हणून. मग मेरीने आकडे न लिहिता तळाचं चित्रच काढलं, पाणी काढून टाकलं तर डोंगर-दऱ्या कशा दिसतील तसं. ती मनाई नसती तर असं चित्र निघालं नसतं कदाचित, आणि शाळेच्या पुस्तकांतही समुद्राचा तळ निळ्या सपाट रंगाचाच राहिला असता. हिंदी महासागराच्या तळाचं तिचं आणि हीझनचं चित्र 1967 साली छापलं गेलं. आपल्या ‘किस्तना’सारखी जहाजं ज्या मोहिमेत फिरली त्या मोहिमेतल्या आकड्यांचा त्याला आधार होता. 1977 साली साऱ्या जगाच्या समुद्रतळाचा नकाशा पूर्ण झाला. आणि जहाज? तेही तिला मिळालं. साठच्या दशकात, वयाची पंचेचाळीशी आली तेव्हा. ‘केन’ या अमेरिकी नौदलाच्या सर्वेक्षण जहाजावरचा तिचा फोटो आहे. वीस वर्षं ज्याचे आकडे मांडले तो समुद्र तिने तोवर फक्त कागदावर पाहिला होता.

आपल्याकडे डॉ. अदिती पंत यांचं नाव घ्यायला हवं. जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्यात आणि नंतर परदेशात. गोव्याच्या त्याच समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. 1983 साली निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता अशा दोघी गेल्या. भारताच्या मोहिमेतून त्या खंडावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. समुद्रातल्या बारीक वनस्पती, ज्यांच्यावर सगळी मासळी जगते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

शास्त्रज्ञ बाई जहाजावर चढली, नौदलातल्या बाईला मात्र आणखी थांबावं लागलं. 1992 साली नौदलात स्त्रिया अधिकारी म्हणून येऊ लागल्या, पण बराच काळ किनाऱ्यावरच्या कामांवर. कारण काय दिलं जायचं माहीत आहे? जहाजावर बायकांसाठी वेगळी सोय नाही. पंचायतीत पहिल्यांदा बायका निवडून आल्या तेव्हा ‘कार्यालयात बायकांना मुतारी नाही’ हे जसं ऐकावं लागलं, तसंच. सोय नाही हे कारण सोय करून मिटतं, पण ते करायला पिढी जाते. सर्वेक्षणाची चार नवी मोठी जहाजं कोलकात्याच्या कारखान्याने बांधायला घेतली, त्यांची नावं संधायक, निर्देशक, इक्षक आणि संशोधक. पहिलं फेब्रुवारी 2024 मध्ये नौदलात आलं, दुसरं त्याच वर्षी डिसेंबरात. तिसरं, म्हणजे ‘इक्षक’, 6 नोव्हेंबर 2025 रोजी कोचीला दाखल झालं. या चौघांतलं स्त्री अधिकारी आणि खलाशांसाठी खास राहण्याची सोय असलेलं ते पहिलं. 110 मीटर लांब, म्हणजे साधारण दहा एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होईल एवढं. त्यात पाण्याखाली आपोआप फिरून मोजणारी यंत्रं आहेत, हेलिकॉप्टर उतरायची जागा आहे आणि बायकांच्या खोल्या आहेत. बातम्यांत यंत्रांवर जास्त बोललं गेलं.

आणि हो, नौदलाच्या जहाजाची पहिली स्त्री कप्तान मुंबईची, प्रेरणा देवस्थळी. 2023च्या शेवटी ‘त्रिंकत’ या गस्तीच्या जहाजासाठी त्यांची निवड जाहीर झाली. ते सर्वेक्षणाचं जहाज नव्हे, पण आता ‘बाई जहाज चालवणार का’ हा प्रश्न विचारायचा राहिला नाही.

मुलींच्या आयांसाठी थोडं कामाचं बोलतो. 2022 पासून नौदलात मुलींना खलाशी म्हणूनही घेतात. अग्निवीर भरतीतल्या एका प्रकाराला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, दुसऱ्याला दहावी पुरते. यात एक लपवून उपयोग नाही. ही नोकरी चार वर्षांची आहे आणि त्यानंतर शंभरातल्या पंचवीस जणांपर्यंतच पुढे ठेवतात. अधिकारी होऊन मोजणीच्या शाखेत जायचं तर बहुधा इंजिनिअरिंगची पदवी लागते. दोन्हीकडे अडतं ते एकाच ठिकाणी, गणितापाशी. दहावीनंतर ‘मुलीला गणित कशाला, आर्ट्स घे’ असं आपल्यातल्याच कितीजणी म्हणतात. मेरी थार्पला गणित येत नसतं तर त्या आकड्यांत तिला घळ दिसली नसती.

या जहाजांचा आपल्याला थेट उपयोग झाल्याची उदाहरणं आहेत. 26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर ‘जमुना’ श्रीलंकेला आणि ‘निरूपक’ इंडोनेशियाला गेली, दोन्ही सर्वेक्षणाची जहाजं, दवाखाना होऊन. मॉरिशसचा समुद्र मोजायला आपल्या नौदलाची जहाजं जातात. गोव्यात बांधलेलं ‘सर्वेक्षक’ तिकडे गेलेलं आहे. मॉरिशसमध्ये दीडशे वर्षांपूर्वी मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, म्हणून हे आम्हाला सांगावंसं वाटलं. आणि ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आपटली ते अनेकींना आठवत असेल. तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, लोकांनी मासळी घेणं बंद केलं आणि टोपल्या तशाच परत गेल्या. बंदराची वाट काही दिवस बंद राहिली, कारण तळाशी कंटेनर कुठे पडलेत ते कळल्याशिवाय जहाज सोडणार कसं? तेव्हा पाण्याखालच्या मोजणीची किंमत मुंबईला कळली.

पण या मोठ्या जहाजांनी सगळं होतं असं नाही. जगातल्या समुद्रतळाचा अजून पाव भागापेक्षा थोडाच जास्त भाग नीट मोजून झाला आहे. आणि आपल्या गावची खाडी तर त्यांच्या आवाक्याबाहेरचीच. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो. गेल्या वर्षी जिथून होडी आली तिथे यंदा ती टेकते. भरतीची वाट पाहत बाहेर थांबावं लागतं आणि मासळी लिलावाला उशिरा पोहोचते. भाव पडलेला असतो. कधी लाट आडवी येते आणि होडीच उलटते. लहान बंदरं आणि खाड्या यांचं काम राज्याच्या बंदर यंत्रणेकडे असतं, नौदलाकडे नाही. मोजणी करा, गाळ काढा, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने आणि मच्छीमार सोसायटीच्या पत्राने तिथेच करायची असते.

मागणी करताना नुसतं ‘गाळ साचला आहे’ असं लिहिलं तर ते पत्र इतर पत्रांत जाऊन पडतं. त्याऐवजी गटाने एक वही करावी. होडी कुठे टेकली ते किनाऱ्यावरच्या दोन खुणांवरून लिहावं, म्हणजे देवळाचा कळस आणि अमक्याचा माड एका ओळीत येतात तिथे, असं. तारीख, तिथी आणि वेळ लिहावी. किती वाव किंवा किती हात पाणी होतं ते लिहावं. भरती होती की ओहोटी, हे लिहिल्याशिवाय पुढच्या आकड्याला काही अर्थ नाही, ते वर सांगितलंच आहे. चार महिने अशा नोंदी झाल्या की त्या ठरावाला जोडाव्यात आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी. वही कशी आखायची ते फोनवर विचारायचं असेल तर बुधवारी दुपारी दोन ते चार आमच्यापैकी कुणी ना कुणी केंद्रावर असतं. तिथीची पाऊणपट तुमच्या गावात किती पुढेमागे होते तेही कळवा, निरनिराळ्या गावांच्या वेळा एकत्र करून पुढच्या कार्यक्रमात सांगू.